जितं हाय का मेलेलं: बासष्टाव्या दिवसाच्या स्वॅबची गोष्ट

"सर, डॉक्टर म्हनले व्हते दहा दिवस. आज पस्तीस दिस झाले. आमच्या नानाच्या नाकात जे काय हाय ते जितं हाय का मेलेलं, तेवढं सांगा."

२०२१ ची ऋषिपंचमी. लातुरातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर चार रिपोर्ट ओळीने मांडून एक तिशीतला मुलगा उभा होता. तोवर कोविडचे हजारो नमुने माझ्या हाताखालून गेले होते, पण हा प्रश्न इतका थेट कुणी टाकला नव्हता. आणि लॅबमधल्या एकाही मशीनकडे त्याचं उत्तर नव्हतं.

नाना केज तालुक्यातले शेतकरी, वय ५८. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला, फॉलिक्युलर लिम्फोमा. केमो पार पडली होती आणि दर दोन महिन्यांनी रिटुक्सिमॅब या औषधाची सलाइन चालू होती. ८ ऑगस्टला ताप आला, १० तारखेला आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली. लसीचा एक डोस झालेला. ऑक्सिजन लागला नाही, घरीच बरे झाले असं सगळ्यांना वाटलं. मग अधूनमधून ताप, कोरडा खोकला, पुन्हा चार दिवस ठीक. नानांच्या बायकोचाही रिपोर्ट ऑगस्टमध्ये पॉझिटिव्ह आला होता, तो पंधरा दिवसांत निगेटिव्ह झाला. सून सातव्या महिन्यात, तिला माहेरी धाडलेलं. डे केअरवाले म्हणाले, निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मगच सलाइन. त्यांचंही चूक नव्हतं. त्या खोलीत एका वेळी आठ-दहा केमोचे पेशंट बसतात.

चार रिपोर्टांवरची सीटी व्हॅल्यू अशी होती: तिसऱ्या दिवशी २१, सतराव्या दिवशी ३१, सव्विसाव्या दिवशी ३३ आणि चौतिसाव्या दिवशी, म्हणजे गणेश चतुर्थीला, २९.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा, कारण आमच्या भागात तो घरोघर झाला. सीटी स्कॅनचा स्कोर वेगळा आणि ही सीटी वेगळी. स्कोर जितका जास्त तितकं फुप्फुस खराब. पीसीआरची सीटी उलटी चालते: मशीनला किती फेऱ्यांनंतर विषाणूचा आरएनए दिसला, तो हा आकडा. आकडा लहान म्हणजे माल जास्त. साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. म्हणजे ३३ वरून २९ वर येणं हे, स्वॅब सारख्याच हाताने घेतला गेला असेल तर, पंधरा-सोळापट वाढ. बरा होत चाललेल्या माणसात हा आकडा चढत जायला हवा. इथे तो चढून पुन्हा उतरला होता, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं.

पण आरएनए वाढला म्हणजे जिवंत विषाणू वाढला, हे पीसीआर सांगत नाही. विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा, आणि पीसीआर त्यातला शंभरेक अक्षरांचा तुकडा शोधते. तुकडा सापडला की पॉझिटिव्ह. तो धडधाकट विषाणूतला आहे की मेलेल्या पेशीच्या ढिगाऱ्यातला, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मुलाला हे समजावताना मला सोयाबीन आठवलं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून केवढा कल्लोळ झाला होता. पिशवीत बी भरपूर होतं, वजन बरोबर होतं, लेबल होतं. मातीत गेल्यावर कोंब नाही. तेव्हापासून कृषी सहायक गावोगाव सांगत फिरतात: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडा, गुंडाळून ठेवा, उगवलेले मोजा. सत्तरच्या खाली आले तर पेरू नका. मी त्याला म्हणालो, पीसीआर म्हणजे दाणे मोजणं. तू विचारतोस ती उगवण. तो लगेच म्हणाला, "मग गोणपाट कुठं हाय?"

गोणपाट लातुरात नव्हतं. कोरोनाचा विषाणू वाढवायचा तर बीएसएल-३ दर्जाची प्रयोगशाळा लागते: आत हवेचा दाब कमी ठेवलेला, बाहेर पडणारी हवा हेपा फिल्टरमधून गाळलेली, आत शिरायची वेगळी शिस्त. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्येच हा विषाणू वाढवून वेगळा केला होता. आमच्याकडे पीसीआर करता येते, कारण तिथे विषाणू आधी मारूनच पुढचं काम होतं. ओळखीतून पुण्याच्याच एका संशोधन प्रयोगशाळेशी बोलणं झालं. त्या विभागातल्या मॅडम म्हणाल्या, असे पेशंट आम्हाला बघायचेच आहेत, पाठवा.

दहा दिवस आले कुठून

मुलाचा राग त्या दहा दिवसांवर होता, म्हणून ते कुठून आले हे त्याला सांगितलं. ८ मे २०२० ला केंद्राने डिस्चार्जचे नियम बदलले: सौम्य आणि मध्यम आजारात लक्षणांपासून दहा दिवस, शेवटचे तीन दिवस ताप नसावा, पुन्हा टेस्टची गरज नाही. त्याआधी लागोपाठ दोन निगेटिव्ह लागायच्या आणि माणसं वॉर्डात अडकून पडायची. जगभर जिथे जिथे नमुने पेशींवर वाढवून पाहिले गेले, तिथून या नियमाला आधार मिळाला. म्युनिकच्या नऊ रुग्णांत आठव्या दिवसानंतर विषाणू वाढला नाही, आरएनए मात्र नंतरही भरपूर होता. कॅनडात ९० नमुन्यांपैकी २६ च वाढले, आणि सीटी २४ च्या वर किंवा लक्षणांना आठ दिवस उलटून गेलेले एकही वाढले नाहीत.

हा २४ आकडा मग फार फिरला. आपल्या राज्याच्या आरोग्य खात्यानेही आयसीएमआरकडे (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे) विचारणा केली होती की पॉझिटिव्ह धरायची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का. आयसीएमआरने नाही म्हटलं: संसर्ग पसरवू शकणारे कितीतरी लोक निसटतील. माझ्या मते ते योग्यच होतं. सीटी स्वॅब घेणाऱ्याच्या हातावर, नळीतल्या द्रवावर, किटवर आणि मशीनवर अवलंबून असते. एका लॅबची २४ ही दुसऱ्या लॅबची २७ असू शकते.

शिवाय हे सगळे अभ्यास मुख्यतः धडधाकट प्रतिकारशक्तीच्या माणसांचे. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला १२९ गंभीर रुग्णांपैकी ज्यांचा विषाणू वाढला, त्यांतल्या निम्म्यांचा जिवंत विषाणू आठ दिवसांत थांबला, पण काहींचा वीस दिवसांपर्यंत निघाला. अमेरिकेत रक्ताचा कॅन्सर असलेल्या ७१ वर्षांच्या एका बाईंना लक्षणं काहीच नव्हती, तरी ७० व्या दिवसापर्यंत जिवंत विषाणू सापडला. रिटुक्सिमॅब नेमक्या बी पेशी संपवतं, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारा कारखानाच बंद. नानांची प्रतिपिंडं मी तपासली. आजाराला महिना उलटून गेला होता, एक डोस झाला होता, तरी विषाणूवरच्या स्पाइक प्रथिनाविरुद्ध काहीही नाही.

पहिली नळी

१५ सप्टेंबरला, एकोणचाळिसाव्या दिवशी, स्वॅब घेतला. सीटी २९. बर्फात घालून पुण्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमचा फोन: "सर, नळीवरच्या लेबलचा फोटो पाठवा ना."

पाठवला. आणि पाठवता पाठवताच मला कळलं. आमची आधीची व्हीटीएम, म्हणजे नळीतला स्वॅब जपणारा द्रव, गुलाबी असायची. दुसऱ्या लाटेनंतर आलेल्या नव्या लॉटचा द्रव रंगहीन होता, त्यात ग्वानिडीनचं क्षार. हा द्रव विषाणूचं आवरण आणि प्रथिनं क्षणात उद्ध्वस्त करतो आणि आरएनए जपतो. पीसीआरसाठी उत्तम, कारण टेक्निशियनला धोका नाही, थंडपणाचीही फार चिंता नाही. पण यात पडलेला विषाणू वाढवायला पाठवणं म्हणजे भाजलेले शेंगदाणे पेरणं. भरीत भर म्हणजे हा द्रव पेशींच्या थरावर पडला तर पेशीच मरतात, आणि अननुभवी डोळ्याला ते विषाणूने केलेलं नुकसान वाटू शकतं. मॅडमनी नमुना उघडलाच नाही.

चूक आमची होती. मागणीपत्रावर 'आरटी-पीसीआर आणि कल्चर' (कल्चर म्हणजे विषाणू वाढवून पाहणं) असं मीच लिहिलं होतं, आणि स्टोअरमधून जी नळी मिळाली ती मीच दिली होती.

पूर

दुसरा स्वॅब २८ सप्टेंबरला, नव्याने मागवलेल्या गुलाबी व्हीटीएममध्ये. त्या दिवशी काय झालं ते मांजरा खोऱ्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. गुलाब चक्रीवादळाचा उरलेला पाऊस मराठवाड्यावर कोसळला, मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडले, गावंच्या गावं पाण्यात. आमच्या लॅबचा मुलगा स्वॅब घेऊन नानांच्या घरून निघाला आणि एका पुलाच्या अलीकडे अडकला. व्हॅक्सिन कॅरिअर त्याच्या मांडीवर. रात्र एका शाळेच्या व्हरांड्यात काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबला पोचला तेव्हा आइस पॅक पूर्ण वितळलेले, आतलं पाणी कोमट. त्याने जीव धोक्यात घातला नाही, याबद्दल मी त्याला काही बोललो नाही.

पुढची चूक मात्र पुराची नव्हती. वाढवायचा नमुना २ ते ८ अंशांवर ७२ तासांपर्यंत ठेवता येतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० किंवा त्याखाली. मधला रस्ता नाही. उणे २० ला पाणी हळूहळू गोठतं, बर्फाचे स्फटिक होतात आणि मेदाचं आवरण असलेला असा विषाणू त्यात फाटतो. आमच्या टेक्निशियनने काळजीपोटी नळी रात्रभर उणे २० च्या फ्रीजरमध्ये ठेवली. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, असा सरळ हिशोब. ३० तारखेला ती पुण्याला गेली.

५ ऑक्टोबरला निरोप आला: वाढ नाही. आणि इथे मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. मी मुलाला फोन करून सांगितलं, "पुण्यात विषाणू वाढला नाही." त्याने डे केअरला सांगितलं, त्यांनी सोमवार ११ ऑक्टोबरची तारीख दिली. सून माहेराहून परत यायची तयारी सुरू झाली.

रात्री नमुन्याची नोंदवही चाळताना मला तापमानाचा रकाना दिसला. सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग हा निकाल नानांचा नाही, रस्त्याचा आहे." त्याच नळीची पीसीआर त्यांनी केली होती. सीटी २८, म्हणजे दाणे सगळे जागेवर, उगवण गेलेली. सोयाबीनचंही असंच असतं. साल नाजूक, पोतं आपटलं की वजन तेच राहतं आणि कोंब जातो. आणि वाढ नाही याचा अर्थ शून्य असाही नसतो. त्यांनी एकूण ०.४ मिली नमुना पेशींवर टाकला होता. मिलिलीटरमागे दोन-तीनपेक्षा कमी जिवंत विषाणू असते तर ते त्यात निसटू शकले असते. वाहतूक चोख असती तरी रिपोर्टवर 'मर्यादेखाली' एवढंच लिहिता आलं असतं.

मी दोन फोन केले. तारीख रद्द झाली. मुलगा एवढंच म्हणाला, "सर, आमी तुमच्या बोलन्यावर सुनंला आननार होतो."

तिसरी नळी

८ ऑक्टोबर, बासष्टावा दिवस. या वेळी मी स्वतः केजला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांतल्या दाण्यांना झाडावरच कोंब फुटलेले. दोन स्वॅब घेतले. एकावर नानांच्या ओसरीतच अँटिजेन टेस्ट केली. ३५ व्या दिवशी ती निगेटिव्ह होती, या वेळी दुसरी रेघ उमटली, ठळक. जिवंत विषाणूशी या स्वस्त पट्टीचं नातं पीसीआरपेक्षा जवळचं आहे, कारण तिला दिसण्यासाठी प्रथिनाचा बराच साठा लागतो. निगेटिव्ह पट्टीवर विसंबू नये, पण पॉझिटिव्ह पट्टी दोन महिन्यांनी आली तर ती कचऱ्यात टाकू नये. ग्रामीण रुग्णालयात याहून जास्त काही हाताशी नसतं.

दुसरा स्वॅब गुलाबी नळीत, नळी ताज्या आइस पॅकमध्ये, तिहेरी पॅकिंग, सोबत तापमान नोंदवणारं यंत्र. भाड्याच्या गाडीने थेट पुणे. चौदा तासांत पोचला, आतलं तापमान एकदाही ७ अंशांच्या वर गेलं नाही.

तिथे काय झालं ते मॅडमनी मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आधी नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला आणि त्यात जीवाणू-बुरशीविरोधी औषधं घातली, कारण नाकात बाकीची वस्ती मोठी असते आणि कॅन्डिडा एका रात्रीत पेशी खाऊन टाकते. मग व्हेरो पेशी. या पेशी १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून काढल्या. एस्पेरांतो भाषेत 'वेर्दा रेनो' म्हणजे हिरवं मूत्रपिंड, त्यावरून व्हेरो. त्यांना विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन बनवता येत नाही, म्हणून विषाणूला दार उघडं. इथे वापरलेल्या पेशींत टीएमपीआरएसएस-२ नावाचं मानवी प्रथिन जास्तीचं घातलेलं होतं, त्याने या विषाणूचा शिरकाव आणखी सोपा होतो. साध्या व्हेरोवर न वाढलेला नमुना कधीकधी यांच्यावर वाढतो. म्हणून रिपोर्टवर पेशींचा प्रकार लिहिलेला नसेल तर तो रिपोर्ट अर्धा.

एका प्लेटमध्ये नुसतं वाढतं का हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन सुटू लागल्या. माझ्या तोंडून निघालं, "आला!" मॅडम म्हणाल्या, थांबा. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या तोंडा-नाकात नागिणीच्या कुळातला हर्पिस सिम्प्लेक्सही जागा होतो, आणि तो व्हेरोवर झकास वाढतो. पेशी मेल्या म्हणजे कोरोनानेच मारल्या असं नव्हे. त्यासाठी पेशींवरच्या द्रवाची पीसीआर करायची, नमुना टाकून धुतल्यानंतर लगेच एकदा आणि तीन दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला सीटी ३१ होती, तिसऱ्या दिवशी १६. म्हणजे बशीत आरएनए हजारो पटींनी वाढला. मेलेल्याला हे जमत नाही.

दुसऱ्या प्लेटमध्ये मोजणी. ही प्लाक पद्धत प्राण्यांच्या विषाणूंसाठी रेनातो डल्बेको यांनी १९५२ मध्ये बसवली. पेशींची सलग चादर, त्यावर नमुन्याच्या दहा-दहापट पातळ केलेल्या पायऱ्या, प्रत्येकी ०.२ मिली. तासभर मुरू द्यायचं, मग वर सेल्युलोजचा घट्ट थर. विषाणू पोहत लांब जाऊ शकत नाही, शेजारच्याच पेशीला लागतो. तीन दिवसांनी फॉर्मालिन घालून जांभळा रंग चढवला की चादरीला पडलेली भोकं पांढरी दिसतात. प्रत्येक भोक एका उगवलेल्या विषाणूचं. नानांच्या मूळ नमुन्यात भोकं एकमेकांत मिसळलेली, मोजता येईनात. दहापट पातळ केलेल्या दोन विहिरींत (प्लेटमधल्या खळग्यांना विहिरी म्हणतात) ८ आणि १०. शंभरपट पातळमध्ये एक. सरासरी ९, भागिले ०.१, भागिले ०.२ मिली: मिलिलीटरमागे ४५०.

दुसरी रीतही आहे, टीसीआयडी-५०. तीत भोकं मोजत नाहीत. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये कुठल्या पातळीला निम्म्या विहिरी बिघडतात ते बघायचं आणि रीड व म्यूंच यांच्या १९३८ च्या गणिताने आकडा काढायचा. असं एक एकक साधारण ०.७ प्लाकइतकं, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवताना एकक पाहावं लागतं. आमचा नमुना थोडाच होता, प्लाकवर भागवलं.

त्याच नमुन्याची सीटी २७ होती. पुण्यातल्या प्रमाण आलेखावर ती मिलिलीटरमागे सुमारे ९ लाख आरएनए प्रती भरली. म्हणजे दर दोन हजार दाण्यांमागे एक कोंब. ऐकायला गरीब वाटतं, पण हजारात एक ते दहा हजारांत एक हे या विषाणूचं नेहमीचंच प्रमाण. २४ ची रेघ ओढली असती तर नाना तिच्या बाहेर, 'सुरक्षित' गटात बसले असते.

नंतर

निकाल १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. मुलाला मी फोन न करता बोलावून घेतलं. ४५० म्हणजे समोरच्याला लागण होईलच का, हे त्याने विचारलं. बशीतल्या माकडाच्या पेशी आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं नाक यांत बरंच अंतर आहे: खोकला किती, खोली किती बंद, समोरच्याची प्रतिकारशक्ती कशी. पण डे केअरमधल्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार ते दोघांनाही माहीत होतं. पुढचं त्याने विचारलं नाही.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब थांबवलं. स्कॅनमध्ये फुप्फुसात जागा बदलणारे धब्बे दिसलेच होते. अँटिबॉडी कॉकटेल, म्हणजे बाहेरून तयार प्रतिपिंडं, द्यायचं ठरलं, एका डोसची तेव्हाची छापील किंमत ५९,७५० रुपये. शेतात जे झालं होतं त्यानंतर ही रक्कम कशी उभी राहिली ते मी विचारलं नाही. ताप पाच दिवसांत गेला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौथा नमुना गेला, त्याच शिस्तीने. सीटी ३४, वाढ नाही. मुलाला मी हे सांगितलं आणि लगेच पुढचं वाक्यही सांगितलं: बाहेरून दिलेली प्रतिपिंडं नाकातल्या स्रावातही उतरतात, नळीत विषाणूला चिकटून बसतात आणि पेशींपर्यंत पोचू देत नाहीत. त्यामुळे एकट्या या निकालावर कुणाला आणू नका. पंधरा दिवसांनी पाचवा नमुना घेतला. त्याची पीसीआरच निगेटिव्ह आली, पुण्याला पाठवायची गरज पडली नाही.

सून त्यानंतर आली, तान्ही मुलगी घेऊन. डे केअरची पहिली भेट डिसेंबरात झाली, फक्त तपासणीची. रिटुक्सिमॅब तेव्हाही बंदच होतं.